नावावरचा चेहरा

पाहुण्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मांडीवर उघड्या ठेवलेल्या वधू-वर पुस्तिकेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या हातात पोह्यांच्या बशांचा ट्रे होता. टीपॉयवर त्यांनी पिशवी आणि चष्म्याचं घर ठेवलं होतं, ते उचलून मला जागा करून द्यावी हे कुणालाच सुचत नव्हतं.

"ही थोरली का?" त्यांनी आईला विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "हीच सुचेता."

बाईंचे यजमान पुढे झुकले. मुलगा साखर कारखान्यात हिशेबनीस होता. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. बाईंनी पुस्तिका फिरवून आमच्याकडे केली आणि फोटोवर बोट ठेवलं. गोरी, हसरी, कपाळावर बारीक टिकली लावलेली एक मुलगी. तिच्याखाली माझं नाव होतं. माझी जन्मतारीख, माझी उंची, माझं बी.एस्सी., आणि 'स्वतःचा संगणक वर्ग चालवते'.

मी ट्रे तसाच जमिनीवर ठेवला आणि पुस्तिका हातात घेतली. त्याच पानावर खाली माझा फोटो होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, मृणाल भालचंद्र वैरागकर.

"फोटोंची अदलाबदल झालीय," मी म्हणाले. "ही पुस्तिका मीच तयार केलीय. माझीच चूक."

"असं होय," बाई म्हणाल्या. त्यांना एकदम हलकं वाटलेलं दिसलं. "तरी म्हटलं." मग त्यांनी दोन चमचे पोहे खाल्ले, पोह्यांची तारीफ केली आणि अंधार पडायच्या आत इंदापूर गाठायचंय म्हणून उठल्या. दुपारचे तीन वाजले होते. दारात चपला घालताना त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, ही वैरागकरांची मुलगी बार्शीतलीच ना? मी त्यांना घर कुठे आहे ते सांगितलं. भांड्यांच्या दुकानाच्या वरचा मजला, जिना मागच्या बाजूनं.

माझ्या चेहऱ्यावर कोड आहे. बारावीत असताना डाव्या डोळ्याच्या कडेला पहिला डाग आला. कॉलेज संपेपर्यंत तो गालावरून ओठांपर्यंत उतरला आणि मग थांबला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याचा त्रास काही नाही आणि ते कुणाला लागतही नाही. आई ते आल्या-गेल्याला ऐकवायची. बाबा गेल्यावर तर जास्तच. पुस्तिकेसाठी फोटो काढायला गेले तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, ताई, कॉम्प्युटरवर एका मिनिटात पुसून देतो. आई लगेच हो म्हणाली. मी म्हणाले, आहे तसाच द्या. आई त्या दिवशी माझ्याशी जेवेपर्यंत बोलली नव्हती.

आमचा समाज लहान. वधू-वर पुस्तिका दरवर्षी छापखान्यातच जुळवायचे, पण त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष निरगुडे काका माझ्याकडे आले. तू मुलींना कॉम्प्युटर शिकवतेस, तूच करून दे म्हणाले. मी आनंदानं घेतलं. प्रत्येक स्थळाचे तीन तुकडे असायचे: फोटो, नावाची चौकट आणि माहितीची चौकट. हे तुकडे सुटे ठेवले तर धोका असतो. वर कुठे एक ओळ वाढली की फोटो खाली घसरतो आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या नावावर जाऊन बसतं. म्हणून मी प्रत्येक स्थळाचे तिन्ही तुकडे एकत्र निवडून त्यांचा ग्रुप करत असे. एकदा गट बांधला की एकाला धरून ओढलं तरी तिघं मिळून हलतात. दुपारच्या बायकांच्या वर्गात मी हेच शिकवायचे, हळदीकुंकवाची आमंत्रणं करून. समईचं चित्र, खाली मजकूर, दोघांची गाठ. आईही त्या वर्गात बसायची आणि बाकीच्यांपेक्षा लवकर शिकायची.

पुस्तिका पुरी झाली तेव्हा मला परीक्षेच्या कामासाठी सोलापूरला जावं लागलं. सगळी पानं मी तपासली होती. सीडी तेवढी करून छापखान्यात पोचवायची होती, ते काम आईनं केलं. पुढे पुणे आणि नगरकडच्या मेळाव्यांत पुस्तिका आधी वाटल्या गेल्या. इंदापूरचे पाहुणे आमच्याकडे आले तोवर आमची प्रत आलीच नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी निरगुडे काका आले. त्यांच्याबरोबर वैरागकर होते आणि त्यांच्या मागून मृणाल आली. मी तिला लांबून ओळखत होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, कुठेतरी नोकरी बघत असलेली. ती दारातच थांबली आणि आईनं ये म्हटल्यावर आत आली.

वैरागकरांचा आवाज मोठा नव्हता. ते फार काळ दाबून ठेवल्यासारखे बोलत होते. कुर्डुवाडीचं एक स्थळ त्यांच्या घरी येऊन मुलगी पसंत करून गेलं होतं, देण्याघेण्याचं बोलणंही होत आलं होतं. पुस्तिका पोचली आणि तिकडून फोन आला.

"काय विचारलं माहितेय?" ते निरगुडे काकांकडे बघून म्हणाले. "मुलीला हे कधीपासून आहे." त्यांनी पुस्तिकेतल्या फोटोवर नख आपटलं. "हा चेहरा माझ्या पोरीच्या नावावर घातलाय. हे बघून कोण येईल तिच्या दारात?"

तो चेहरा त्यांच्यासमोर दोन हातांवर बसला होता. निरगुडे काका खाकरले. मृणाल नुसतं "बाबा" म्हणाली. वैरागकरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, त्यांच्या लक्षात आलं, आणि ते खाली फरशीकडे बघायला लागले. बोललेलं परत घेता येत नाही म्हणून की काय, ते आणखी थोडं बोलले, पण आता ते छपाईबद्दल बोलत होते.

मी माफी मागितली. फोटो कसे घसरतात ते सांगितलं. वरच्या मजकुरात कुणीतरी शेवटच्या घटकेला ओळ वाढवली असेल, छापखान्यात अक्षरांचा आकार बदलला असेल, असं काहीबाही. त्यावर निरगुडे काका म्हणाले की आत्ताच्या आत्ता पान दुरुस्त कर, आपण दुरुस्तीपत्र छापून सगळीकडे पाठवू. मी कॉम्प्युटर लावला. मृणाल न विचारताच स्टूल ओढून माझ्या शेजारी बसली.

पान उघडलं. त्यावर चार स्थळं होती. मी सवयीनं पहिल्या मुलीच्या फोटोवर क्लिक केलं. फोटो, नाव आणि माहिती, तिघांना मिळून एक चौकट आली. मग माझ्या नावावरच्या फोटोवर क्लिक केलं. चौकट आली ती एकट्या फोटोभोवती. नाव बाजूलाच राहिलं. मृणालच्या नावावरचा फोटो पाहिला. तोही एकटाच. तो जागेवर नीट बसलाही नव्हता, आरशात न बघता लावलेल्या टिकलीसारखा किंचित कलता झाला होता.

मी मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. सगळे गट बांधलेले होते. सुटे होते ते आम्ही दोघीच. ओळ वाढली तर सगळा गट सरकतो. गाठ आपोआप सुटत नाही. ती कुणीतरी सोडावी लागते.

त्या कॉम्प्युटरवर मी बसायचे, वर्गातल्या मुली बसायच्या आणि आई. मी सोलापूरला होते तेव्हा वर्ग बंद होता.

दारात कपबशा किणकिणल्या. आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि तिला पुढे येता येत नव्हतं. मी वळून पाहिलं. मग मला दिसलं की मृणालही आईकडेच बघतेय. तिनं पडद्याकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. डिप्लोमा झालेल्या मुलीला हे समजायला किती वेळ लागणार?

"काय गं, सापडलं का?" वैरागकरांनी विचारलं.

मृणाल म्हणाली, "बाबा, असं होतं. आमच्या कॉलेजच्या मासिकातही झालं होतं. फोटो सरकतात."

"गट बांधायचा राहून गेला माझ्याकडून," मी म्हणाले.

आमच्या दोघींचं खोटं एकापाठोपाठ एक असं बिनचूक बसलं. निरगुडे काका म्हणाले, चालायचंच, माणसाच्या हातून चूक होते. आईनं सगळ्यांना चहा दिला. मृणालला देताना तिनं कप तिच्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवला. मृणालनं तो उचलून पूर्ण प्यायला.

ते गेल्यावर आई मोरीवर कपबशा विसळायला बसली. मी दारात उभी राहिले. मला ओरडायचं होतं, पण मी नुसतं विचारलं, का?

"लोक फोटो बघूनच पान उलटतात," ती पाठमोरीच म्हणाली. "खाली काय लिहिलंय ते कुणी वाचतच नाही. मला वाटलं, एकदा उंबऱ्याच्या आत येऊ देत. तुझ्याशी दोन शब्द बोलू देत. मग बघू."

"आणि मृणाल?"

तिनं नळ बंद केला. "मला तिचा फोटो उचलून तुझ्याकडे आणायचा होता एवढंच. पण मग तिथली जागा मोकळी पडली. छापखान्यात विचारलं असतं." थोडं थांबून ती म्हणाली, "तिचं काय, तिच्यासाठी रांग आहे. एखाद्यानं नाही म्हटलं तर दुसरा येईल."

हे तिनं वाईटपणानं म्हटलं नव्हतं, हिशोब मांडल्यासारखं म्हटलं होतं. मला वाटलं होतं ती रडेल, आणि ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी बाहेर येऊन खुर्चीत बसले. आपल्या आईला आपल्या चेहऱ्याऐवजी दुसरा ठेवावासा वाटला, आणि तो ठेवायला लागणारी विद्या आपणच तिला दिली, हे दोन्ही मी आलटून पालटून मनात घोळवत राहिले.

दुरुस्तीपत्र गेलं आणि त्यानं उलटंच झालं. कुर्डुवाडीचे लोक म्हणाले, डाग उघडा पडला म्हणून वैरागकरांनी मंडळाला सांगून फोटो बदलून घेतला. त्यांच्या घरी आम्ही मुलगी बघितली तेव्हा ती पावडर थापून बसली होती, असंही म्हणाले. ही गोष्ट गावात फिरली. भाजी आणायला गेले की मला ती दोन-तीन वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू यायची, आणि सांगणारीची नजर बोलता बोलता माझ्या गालावर यायची.

एका दुपारी वर्ग सुटल्यावर मृणाल आली. मुली चपला शोधत होत्या. त्या जाईपर्यंत ती दाराशी थांबली.

"सुचेताताई, एक मागायला आलेय," ती म्हणाली. "नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

मुलगा तिला आवडला होता. त्यालाही ती आवडली होती, त्यानं दोनदा चोरून फोन केला होता. त्याची आई मात्र काही ऐकत नव्हती. तिचं एकच म्हणणं होतं की तो फोटो या मुलीचाच. मंडळाचं पत्र, वडिलांचा शब्द, कशावरच तिचा विश्वास नव्हता.

"तुम्ही माझ्याबरोबर कुर्डुवाडीला याल का?" मृणालनं विचारलं. "म्हणजे आपण दोघी शेजारी शेजारी बसलो तर…" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला कळलं की हे शब्द जुळवायला तिला बरेच दिवस लागले असणार, आणि आमच्या घरातल्या गोष्टीसाठी तिच्यावर हे मागायची वेळ आली होती.

मी हो म्हणाले. आतल्या खोलीचा पडदा हलला आणि आई बाहेर आली.

"मी पण येणार," ती म्हणाली.

कुर्डुवाडीचं घर स्टेशनच्या बाजूला होतं, स्वच्छ, दारात कोरफडीच्या कुंड्या ठेवलेलं. मुलाची आई उंच आणि सावकाश बोलणारी बाई होती. तिनं आम्हाला पाणी दिलं, आमचं येणं काय आहे ते ऐकून घेतलं आणि मला आणि मृणालला खिडकीजवळच्या दिवाणावर उजेडात बसायला सांगितलं. आतून पुस्तिका आणली. चष्मा लावला. मग ती वाकून एकदा पानाकडे आणि एकदा माझ्याकडे बघू लागली. मी मान वर करून बसले होते. गालावरून कुणीतरी बोट फिरवत असावं तसं वाटत होतं, पण ती मला शिवली नव्हती.

"तीच," शेवटी ती म्हणाली. "भुवईपाशी असंच पांढरं आहे." मग तिनं एक ओला नॅपकिन आणून मृणालपुढे धरला. "तू एकदा चेहरा पूस बघू. आमच्या मनात किंतू नको."

मृणालनं नॅपकिन घेतला. कपाळ पुसलं, गाल पुसले, हनुवटी पुसली. टिकली निघाली. गाल लाल झाले तरी ती पुसत राहिली, जणू थांबायला कुणीतरी सांगायला हवं होतं.

"फोटो मी हलवले," आई म्हणाली.

ती दाराजवळच्या खुर्चीत पिशवी पोटाशी धरून बसली होती. "माझ्या मुलीला माहीत नव्हतं. घरी कुणी नसताना मी कॉम्प्युटरवर बसले आणि हिचा तिकडे, तिचा इकडे केला. या पोरीनं त्याच दिवशी ओळखलं होतं, पण वडिलांसमोर माझं नाव घेतलं नाही. तिला आता पुसायला लावू नका."

त्या बाईनं चष्मा काढला. "पोटच्या मुलीचा चेहरा तुम्हाला दाखवावासा वाटला नाही?" तिनं विचारलं. तिचा स्वर तोडून बोलण्याचा नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. आई पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत राहिली.

आतल्या दारात मुलगा येऊन उभा होता. तो पुढे आला आणि त्यानं मृणालच्या हातातला नॅपकिन काढून घेतला.

"बास झालं, आई," तो म्हणाला.

ते लग्न झालं. पत्रिका माझ्या आणि आईच्या नावानं आली. आई गेली नाही. मी गेले, अक्षता टाकल्या, मृणालला भेटले. तिनं माझा हात धरून ठेवला, फोटोवाला घाई करत होता तरी. वैरागकर जेवून जायचा आग्रह करत होते. मी काहीतरी कारण सांगून पंगतीआधीच निघाले. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेचं काम मी घेतलं नाही आणि त्यात माझं नावही दिलं नाही. आई असेपर्यंत आमच्यात हा विषय पुन्हा निघाला नाही.

शेवटचा निघाला होता तो लग्नाआधी, त्या घरातून परतताना, कुर्डुवाडीच्या स्टँडवर. मृणाल बार्शीच्या गाडीची चौकशी करायला खिडकीपाशी गेली होती. आम्ही दोघी बाकावर बसलो होतो. येताना वाटेत मी आईशी बोलले नव्हते आणि आता बोलावं असं वाटत होतं. त्या घरात तिनं जे केलं त्याबद्दल काहीतरी. पण मनात अजून राग होता आणि शब्द आले ते रागाचेच.

"त्या बाईंनी विचारलं ते खरंच आहे," मी म्हणाले. "तुला माझी लाज वाटली."

आईनं समोरच्या फलाटाकडे पाहिलं.

"मंडळाकडून आपली प्रत आली ना, त्या दिवशी," ती म्हणाली, "तू ते पान उघडून बसली होतीस. मी तुला जेवायला दोनदा हाक मारली. तुला ऐकू आलं नाही. तू नुसती बघत होतीस." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मला वाटलं, हिलाही…"

मी चूक कशी झाली ते शोधत होते, असं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. ते मी तेव्हा दिलं नाही आणि नंतरही कधी दिलं नाही. आईनं बरोबर पाहिलं होतं. त्या दिवशी मी चूक शोधत नव्हते. त्या चेहऱ्याखाली माझं नाव वाचत होते, पुन्हा पुन्हा, आणि ते मला छान दिसत होतं.

मृणाल लांबून हात करत होती. गाडी लागली होती. मी उठले, आईच्या हातातली पिशवी घेतली, आणि आम्ही तिच्याकडे चालू लागलो.